बुडबुडा काढायचा नाही

टुक. टुक. टुक.

आमच्या घरात सकाळी शांतता अशी नसतेच. असते ती ठिणगीचं दूध पिऊन झाल्यापासून तिला आपला एक मोजा हरवलाय हे कळेपर्यंत. तेवढ्या शांततेत मी स्वयंपाकघरात कोपरापर्यंत साबण लावून हात धूत उभी असायची, आणि नेमका तेव्हाच नानांच्या खोलीतून हा आवाज यायचा. काचेवर नखाने मारल्यासारखा. मी म्हणायची, चष्मा ठेवत असतील. कधी म्हणायची, घड्याळाचं काहीतरी बिनसलं असेल. रोज ऐकला मी तो आवाज, आणि रोज त्याला काहीतरी सभ्य कारण शोधून दिलं. माझ्या स्वभावातला हा दोष माझ्या नवऱ्याच्या फार सोयीचा आहे, पण तो विषय वेगळा.

नाना म्हणजे माझे सासरे. ठिणगी ही माझी मुलगी, अजून शाळेत चित्रं रंगवायच्या वयाची. तिचं खरं नाव चांगलं आहे, पण तिच्याशी पाच मिनिटं बोललेला माणूस ते वापरत नाही. नानांचा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला. डोंगरापासून शहरापर्यंत पाणी आणणारे, माणूस आत उभा राहील एवढे पाइप त्यांनी टाकले, आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना पाइपच दिसते. रस्त्यावर गाड्या तुंबल्या की ते म्हणतात, "व्हॉल्व्ह चुकीच्या जागी बसवलाय." माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडलं तेव्हा म्हणाले, "जोडच कच्चा होता." सासूबाई गेल्यावर मात्र त्यांनी कुठलीच उपमा दिली नाही. आपली खोली आतून लावून घ्यायला लागले, एवढंच.

तर या नानांच्या खुब्याचा सांधा बदलला. ते कसे पडले यात मी शिरत नाही. त्या हकिगतीच्या तीन आवृत्त्या आहेत आणि तिन्हींत फरशी मीच पुसलेली आहे.

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणाले, आता खरं काम पुढे आहे. हाडाच्या एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर माणूस पडून राहतो, पायातलं रक्त मंद वाहतं आणि त्याच्या गुठळ्या होऊ शकतात. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

"म्हणजे प्रवाह मंदावला की गाळ बसतो," नाना पडल्या पडल्या म्हणाले. "आणि गाळ सुटला की पुढच्या व्हॉल्व्हला जाऊन बसतो."

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

पुढचा सगळा घोटाळा त्या एका 'अगदी बरोबर'ने केला. निवृत्त अधिकाऱ्याला कधी, कधी म्हणजे कधीच, 'अगदी बरोबर' म्हणू नये. पूर्ण बरे होऊन नाना घरी आले नाहीत. ते डॉक्टर होऊन आले.

उपाय साधा होता. रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं एक इंजेक्शन, रोज सकाळी, पोटाच्या चामडीखाली, काही आठवडे. सुई औषध भरूनच येते. कुणीही घरी देऊ शकतं. 'कुणीही' हा शब्द ऐकला की घरातल्या बायकांनी सावध व्हावं असं माझं मत आहे. पण माझा नवरा पुढे सरसावला. "त्यात काय, मी देतो की," असं तो ज्या सुरात म्हणाला, त्या सुरात लोक बल्ब बदलायला स्टूल मागतात.

सिस्टरांनी आम्हा दोघांना नानांच्या खाटेशी उभं केलं आणि शिकवायला घेतलं. बेंबीपासून दोन बोटं लांब. आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. चामडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत. नंतर चोळायचं नाही, नाहीतर काळंनिळं होतं. मी मान डोलवत होते. नवराही डोलवत होता. त्याची मान जरा जास्तच डोलतेय असं मला वाटलंही.

"आणि हा आत बुडबुडा दिसतोय ना," सिस्टर सुई उजेडात धरून म्हणाल्या, "तो..."

धप्प.

माझा सहा फुटी नवरा खाट आणि लोखंडी कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, जिथे केरसुणीसुद्धा नीट जात नव्हती, तिथे मावला. सिस्टर धावल्या, दुसऱ्या सिस्टर धावल्या, शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचे नातेवाईक धावले. नाना खाटेवरून हुकूम सोडत होते, "पाय वर करा त्याचे! उतार द्या, उतार!" त्याला साखरपाणी पाजून, वारा घालून, 'तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नसेल' असं त्याच्या अब्रूला शोभेलसं कारण देऊन होईपर्यंत सिस्टरांची ड्यूटी संपली आणि त्या गेल्या. माझं वैद्यकीय शिक्षण बुडबुड्यापाशी तुटलं ते तुटलंच.

मग काय, मी. ठिणगीला लस टोचताना जी आई दवाखान्यातल्या भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत उभी राहते, ती मी. त्या बाळाच्या हनुवटीला किती वळ्या आहेत ते मला पाठ आहे. मी घरी येऊन भांडी घासायच्या स्पंजवर विणकामाच्या सुईने सराव केला. स्पंजने तक्रार केली नाही. पण स्पंजला सून नव्हती.

बुडबुड्याचं काय करायचं ते विचारायला मी रुग्णालयात फोन लावला. आधी बासरी वाजली. मग एक बाई म्हणाली की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि पुन्हा बासरी. वॉर्डाने मला बाह्यरुग्ण विभागाकडे दिलं, त्यांनी पुन्हा वॉर्डाकडे. शेवटी एक जिवंत माणूस मिळाला.

"इंजेक्शनमधला बुडबुडा काढायचा की नाही?" मी विचारलं.

"पेशंटचं नाव?"

"बुडबुडा सगळ्यांचा सारखाच असेल ना हो?"

"मॅडम, नावाशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही."

मी नाव सांगितलं. कीबोर्डची टकटक झाली. "ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा."

"कुठे आहेत ते?"

"ऑपरेशन करतायत."

शेवटी मी नानांचं भिंग घेतलं आणि औषधाच्या खोक्यातला कागद उलगडला. तो उलगडतच गेला. पलंगभर झाला तेव्हा मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत मला ते वाक्य सापडलं: बुडबुडा काढायचा नाही. काढायला गेलं तर औषध सांडतं. मी तो कागद विजयपताकेसारखा नानांसमोर धरला.

"लाइनमध्ये हवा?" नाना म्हणाले. "लाइनमध्ये हवा ठेवायची?"

"नाना, इथे छापलंय."

"छापणाऱ्याने आयुष्यात एक तरी लाइन टाकली होती का? अगं, लाइन भरताना पहिलं काम कुठलं? हवा काढणं. एकदा एका गाढवाने हवा काढली नाही, तर दुपारपर्यंत जोड फुटून अख्खा रस्ता वाहून गेला."

"ही लाइन नाही, पोट आहे."

"पोट म्हणजे दुसरं काय असतं?"

"शिरेत नाही जात हे. चामडीखाली जातं. तिथे एवढ्याशा हवेने काही होत नाही."

नानांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि घडी घालून मला परत दिला. मग म्हणाले, "बरं."

ज्यांच्या घरात सरकारी खात्यातून निवृत्त झालेलं माणूस आहे त्यांना हा 'बरं' माहीत असेल. त्याचा अर्थ होकार नव्हे. त्याचा अर्थ, तुमचा अर्ज मिळाला, आता घरी जा. मी मात्र नवशिकी. मी घरी गेले, म्हणजे स्वयंपाकघरात.

दरम्यान बातमी जिनाभर झाली होती. वरच्या काकू आल्या. काकूंना सगळं माहीत असतं, फक्त ते कुणाला झालं होतं हे बदलत राहतं. "रक्त पातळ करायचं?" त्या दारातूनच म्हणाल्या. "अगं, या वयात आधीच माणूस पातळ होतो. माझ्या दिरांच्या साहेबांना हेच दिलं होतं. नाकातून धार! मी म्हणते, लसूण खायला घाल आणि बघ."

"काकू, लसणानेसुद्धा रक्त पातळ होतं म्हणतात."

"मग नको घालू," काकू तितक्याच ठामपणे म्हणाल्या.

समोरच्या दारातले वकीलकाका आले ते हळू आवाजात बोलत. वकीलकाका हवापाण्याबद्दलसुद्धा असे बोलतात की आपल्याला जामीन लागेल असं वाटतं. "तू सुई देणार म्हणे. शिकली आहेस का कुठे? नाही. परवाना आहे का? नाही. मी आपलं एक सांगून ठेवतो. उद्या काही कमीजास्त झालं ना, तर लोक औषध बघत नाहीत. हात कुणाचा होता, ते विचारतात."

आरामखुर्चीत नाना पेपर वाचत होते. पेपर जरासा खाली आला आणि पुन्हा वर गेला. तेव्हा मला वाटलं, पान उलटलं.

पहिल्या दिवसाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी फारशी शोभा नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी नानांना वरचं बटण न लावलेलं पाहिलं नव्हतं; ते झोपतानासुद्धा साहेब येणार असल्यासारखे झोपतात. त्यांनी डोळे छताकडे लावले आणि सदरा बरोबर पोस्टकार्डाएवढा वर केला. मी त्या पोस्टकार्डाकडे बघत होते. ठिणगी बाहुली काखेत मारून आम्हा दोघांकडे बघत होती.

"कर की," नाना म्हणाले.

"करते."

"केलंस?"

"नाही."

"मग दुखलं कसं?"

"नाना, मी अजून टोपण काढलं नाही."

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "झालं का?" तो पॅसेजमध्ये भिंतीला टेकून, डोकं गुडघ्यांत घालून बसला होता. मनाने तो आमच्याबरोबर होता असं तो आजही सांगतो.

पण जमलं. दुसऱ्या दिवशी बरं जमलं. मग तर माझी एक पद्धतच पडली. ताटलीत सुई आणि कापूस ठेवून ती नानांच्या उशाशी ठेवायची, स्वयंपाकघरात जाऊन हात स्वच्छ धुवायचे (टुक, टुक, टुक), आणि येऊन टोचायचं. नानांच्या पोटावर हिरवेनिळे डाग उठले. त्यांना ते आवडायला लागले होते असा मला संशय आहे. "हा वरचा जलाशय," ते ठिणगीला दाखवायचे, "आणि हा खालचा."

वापरलेल्या सुया मी मुरंब्याच्या रिकाम्या, जाड बरणीत टाकत होते. बरणी भरत आली तशी नवी कटकट सुरू झाली. ही टाकायची कुठे? रुग्णालय म्हणालं, घरचा कचरा आम्ही घेत नाही. औषधवाला म्हणाला, आम्ही विकतो, परत घेत नाही. कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस म्हणाला, काच वेगळी द्या, प्लास्टिक वेगळं, धातू वेगळा. आणि सुई बिचारी तिन्ही होती. पालिकेच्या कार्यालयातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "आपली संस्था कुठली?"

"संस्था नाही. मी सून आहे."

"वैद्यकीय कचऱ्यासाठी संस्था लागते," बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

ती बरणी मग आमच्या फ्रीजवर राहायला आली. तिच्यावर ठिणगीने धोक्याची खूण म्हणून कवटीचं चित्र काढून चिकटवलं. कवटीला चष्मा होता.

असं सगळं रांगेला लागलं होतं, आणि मला स्वतःबद्दल जरा बरं वाटायला लागलं होतं. माझा अनुभव असा की स्वतःबद्दल बरं वाटलं की कुठेतरी माशी शिंकते. त्या सकाळी नानांच्या पायातला मोजा काढताना माझा हात थांबला. ऑपरेशनच्या बाजूची पिंढरी फुगली होती. दुसऱ्या पायाची दीडपट. कातडी ताणून चकाकत होती.

"सूज नाही ती," नाना म्हणाले. "मोजा घट्ट आहे."

"मोजा काढलाय मी."

"मग काढल्यामुळे."

मी डॉक्टरांना फोन लावला, आणि या वेळी, बासरी न वाजता, ते स्वतः बोलले. माणसाला ज्या दिवशी फोन लागू नये असं वाटतं त्याच दिवशी तो लागतो. "लगेच घेऊन या," ते म्हणाले. "सोनोग्राफी करून गुठळी आहे का बघू. इंजेक्शन नीट चालू आहे ना? एकही चुकलं नाही?"

"एकही नाही," मी म्हणाले. छाती काढून म्हणाले.

"पूर्ण डोस जातोय?"

"शेवटच्या थेंबापर्यंत."

टुक. टुक. टुक.

मी वळून बघितलं. जमिनीवर बाहुली उताणी पडली होती, फ्रॉक पोस्टकार्डाएवढा वर. ठिणगीने पेन उजेडात उभं धरलं होतं. नखाने तीनदा वाजवलं, एक डोळा मिटून नेम धरला, आणि तोंडाने म्हणाली, "फुस्स! हवा गेली. टोपण लावा. आता आईला बोलवा."

"हॅलो?" डॉक्टर कानात म्हणत होते. "हॅलो?"

"ठिणगे," मी म्हणाले, "हे काय गं?"

"इंजेक्शन. आजोबा असंच करतात. तू हात धुतेस ना, तेव्हा. कारंजं येतं. कधी छोटं येतं, कधी मोठ्ठं येतं. मग कापसाने पुसतात." ती बाहुलीचा फ्रॉक नीट करत पुढे म्हणाली, "आजोबा म्हणाले, आईला आवाज ऐकू जातो, पण तिला कळत नाही."

मी नानांकडे पाहिलं. नाना छताकडे पाहत होते. छतावर काही नव्हतं.

"नाना!"

"थोडंच जायचं गं," ते छताला म्हणाले. "लाइन चालू करताना तेवढं वाया जातंच."

एवढे दिवस मी हात धुऊन, श्वास रोखून, सुईच्या काचेकडे न बघता जे टोचत होते, त्यातलं किती औषध होतं आणि किती कापसात गेलं होतं? त्या चकाकत्या पिंढरीत काय बसलं होतं? मी फोनवर डॉक्टरांना खरं सांगितलं. मग ते म्हणाले, "लवकर निघा."

वरच्या काकूंच्या जावयाची गाडी मिळाली. गाडीबरोबर काकूही आल्या. त्या वेगळ्या मिळत नाहीत. ठिणगीला कुणाकडे ठेवणार, म्हणून तीही, आणि तिची पेशंट बाहुली. मी पुरावा म्हणून फ्रीजवरची बरणी पिशवीत टाकली. कशाचा पुरावा ते मला आजही सांगता येणार नाही.

रुग्णालयाच्या दारात पहारेकऱ्याने पिशवी तपासली. "सुया? सुया आत नेता येणार नाहीत."

"अहो, या इथल्याच आहेत."

"इथल्या आहेत तर बाहेर कशा गेल्या?"

मी त्याला समजावत असताना काकू मागून म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, लसूण." पहारेकऱ्याने बरणी टेबलाखाली ठेवून घेतली आणि जाताना आठवणीने परत न्यायला बजावलं. एवढ्या मोठ्या इमारतीत दिवसभर हजार सुया वापरत असतील, पण माझ्या सुयांना तिथे जागा नव्हती.

आत सोनोग्राफीवाल्या बाई म्हणाल्या, डॉक्टरांची चिठ्ठी हवी. डॉक्टरांच्या दारावरचा माणूस म्हणाला, आधी सोनोग्राफी. मी चाकाच्या खुर्चीसकट नानांना इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेलं. दुसऱ्या खेपेला मी त्या दारावरच्या माणसासमोर खुर्चीचा ब्रेक लावला आणि म्हणाले, "यांच्या पायात गुठळी असेल आणि ती तुमच्या दारात सुटली, तर मी चिठ्ठी कुणाकडून आणू ते आत्ताच सांगून ठेवा." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. चिठ्ठी मिळाली.

मग बाकावर थांबणं. काकू ठिणगीला घेऊन पाणी शोधायला गेल्या. नवरा ऑफिसातून निघाला होता. रुग्णालयाच्या वासानेच त्याला गरगरतं, म्हणून मी त्याला खाली, हवेशीर जागी बसायला सांगितलं होतं. बाकावर मी, खुर्चीत नाना. मी त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ते बराच वेळ टिकलं, म्हणजे समोरच्या दारावरची पाटी मी दोनदा वाचेपर्यंत.

"का केलंत हो?" मी विचारलं. "माझ्यावर विश्वास नव्हता तर तोंडावर सांगायचं."

नाना आपल्या बोटांकडे बघत होते. "तुझ्यावर होता."

"मग?"

"तो वकील बोलून गेला ना. हात कुणाचा होता, ते विचारतील म्हणून. मला खरंच वाटत होतं, हवा वाईट. म्हटलं, राहिली आणि काही झालं, तर मी सुटलो. मला काय ऐकावं लागणार होतं? ऐकत बसणार तू. म्हणून म्हटलं, तू यायच्या आत आपण काढून टाकावी. तुझा हात मोकळा."

मला रागाने रडू आलं. रागानेच आलं, हे मी स्पष्ट सांगते. एवढ्या मोठ्या माणसाने माझ्या अब्रूसाठी स्वतःचं औषध कापसात पुसलं, आणि आता ती पिंढरी.

"मला सांगितलं असतंत तर?"

"तू काढू दिली असतीस?"

"नाही."

"मग," नाना म्हणाले.

आतून हाक आली. अंधाऱ्या खोलीत बाईंनी नानांच्या पायावर गार चिकट जेल फासलं आणि यंत्र मांडीपासून खाली फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर राखाडी ढग हलत होते. मला त्यात काही कळत नव्हतं. मी बाईंच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघत होते, आणि त्यांचा चेहरा पालिकेच्या खिडकीसारखा बंद होता. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला. शूऽऽ... शूऽऽ... शूऽऽ...

नानांनी मान उचलली. रस्त्याला कान लावून जमिनीखालची गळती ओळखणारा माणूस तो. डोळे मिटून ते ऐकत राहिले.

"हा माझा प्रवाह?"

"हो, आजोबा."

बाई यंत्र खाली खाली नेत होत्या. गुडघ्याच्या मागे. पिंढरी. तिथे त्या थांबल्या, दाबलं, पुन्हा दाबलं.

"वाहतंय," नाना डोळे न उघडताच म्हणाले.

"वाहतंय," बाई म्हणाल्या. "गुठळी नाही."

मी भिंतीला टेकले. आमच्या घराण्यात भिंतीला टेकायची जी परंपरा नवऱ्याने सुरू केली आहे, ती मी त्या दिवशी पुढे चालवली.

डॉक्टरांनी पाय तपासला, म्हणाले, ऑपरेशननंतर अशी सूज येते, पण अचानक एवढी का? फार वेळ उभे राहता का, पाय खाली सोडून बसता का? नाना म्हणाले, छे. ठिणगी, जी तोवर परत आली होती, म्हणाली, "आजोबा खिडकीत उभे राहतात. खाली नवीन पाइप टाकतायत ना, त्या काकांना ओरडून सांगतात. जेवायची हाक येईपर्यंत." मी त्या वेळी रोज घरूनच ऑफिसचं काम करत आतल्या खोलीत बसलेली असते. मला वाटायचं, नाना रेडिओ ऐकतायत.

डॉक्टर नानांकडे वळले. ते हसले नाहीत हे बरं झालं. "गुठळी नाही हे आपलं नशीब. पण ते औषध तुमची ढाल आहे, आणि तुम्ही रोज थोडी ढाल कापून टाकत होतात. आणि तो बुडबुडा नुसता नसतो. सुई खाली धरून टोचताना तो औषधाच्या मागे राहतो, शेवटचा थेंब पुढे ढकलायला."

नानांच्या कपाळावर आठी पडली. ती हळूहळू सुटली. "लाइन रिकामी करताना आम्ही मागून स्पंजचा गोळा सोडायचो. तो उरलंसुरलं सगळं पुढे ढकलत न्यायचा. तसं?"

"अगदी बरोबर!" डॉक्टर म्हणाले.

मी कपाळाला हात लावला.

नाना माझ्याकडे वळले. "हे असं नीट सांगायला नको होतं का तू? तो एवढासा कागद काय नाचवत बसलीस?"

परतताना दारात पहारेकऱ्याने आठवणीने माझी बरणी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात धूत उभी राहिले. नळ बंद केला. कान दिला. काही नाही. मोजा अजून हरवायचा होता, घर गप्प होतं, आणि नानांच्या खोलीतूनही काही आवाज नाही. मी गेले तर ताटलीतली सुई तशीच होती, आणि नाना तिच्याकडे बघत होते. बुडबुडा आत गोल, चकचकीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्यांनी सदरा वर केला, पण डोळे छताकडे नेले नाहीत. ते बुडबुड्याकडेच बघत होते, आणि तेव्हा मला कळलं की हा माणूस मनापासून घाबरलाय. स्पंजच्या गोळ्याची उपमा डॉक्टरांच्या खोलीत ठीक होती. इथे पोट त्यांचं होतं.

"काही होणार नाही, नाना."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि खाटेच्या कडेला उभ्या ठिणगीचा हात त्यांनी शोधून घट्ट धरला. "टोच."

मी चिमूट धरली. सुई आत गेली. औषध संपत गेलं, त्याच्यामागून बुडबुडा आला, काचेतून हळूच पुढे सरकला आणि दिसेनासा झाला. मी सुई काढली. आम्ही तिघंही न हलता थांबलो.

"झालं का?" पॅसेजमधून नवऱ्याने विचारलं.

नानांनी माझ्या हातातल्या रिकाम्या सुईकडे पाहिलं. एक श्वास घेऊन बघितला. मग दुसरा. मग सदरा खाली ओढला आणि वरचं बटण चाचपून पाहिलं.

ठिणगी आधी त्यांच्या पोटावरच्या लाल ठिपक्याकडे, आणि आता तो ठिपका झाकणाऱ्या सदऱ्याकडे, विचार करत बघत होती. आजोबांचा हात तिने सोडला नव्हता.

"आई," ती म्हणाली, "तो बुडबुडा आता आजोबांच्या आत एकटाच राहणार?"